पाणी मुरतंय कुठे? स्पोर्ट्‌स कारमधली कूलंटची मंद गळती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी दोन सीटची, इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढे. महिन्याला 250-300 मिली कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाण्याचं मिश्रण) कमी होतं. जमिनीवर थेंब नाही, तापमानाचा काटा जागचा हलत नाही, ऑइल स्वच्छ आहे. आधी कूलंटच्या टाकीचं झाकण बदललं, मग टाकीच बदलली, तरी पातळी उतरतेच आहे. आता एक जण म्हणतो वॉटर पंप बदला, त्यासाठी इंजिन खाली घ्यावं लागेल. दुसरा म्हणतो गळती बंद करणारं औषध टाका. काय करायचं?

दोन्ही करू नका. गळती अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेलीच नाही. जी जागा ओली दिसली नाही तिथला पार्ट बदलायचा नाही, हे मी 22 वर्षं कसोशीनं पाळत आलोय आणि जिथे जिथे घाईत मोडलं तिथे तिथे काम दुसऱ्यांदा करावं लागलं. मंद गळती सापडते, हमखास सापडते. पण 'कुठे' शोधायच्या आधी ती 'केव्हा' होते हे शोधावं लागतं. बहुतेक लोक इथेच चुकतात. गाडी गरम असताना लिफ्टवर घेतात, टॉर्च मारून पाहतात, सगळं कोरडं दिसतं आणि मग अंदाजानं पार्ट बदलायला सुरुवात होते.

आधी थेंब का दिसत नाही ते बघू. दिवसाला 10 मिली म्हणजे दोन चमचे. एवढं पाणी गरम ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टच्या आसपास पडलं तर क्षणात वाफ होऊन जातं. एक्झॉस्टपासून लांब पडलं, तर खाली अंडरट्रे असतो आणि ट्रेला आतून आवाज दाबणारं जाड फेल्ट चिकटवलेलं असतं. ते स्पंजासारखं सगळं पिऊन टाकतं. शिवाय धावत्या गाडीखालचा वारा थेंबाला मागे ढकलत नेतो. म्हणजे ट्रेच्या ज्या कोपऱ्यात ओल दिसते तिथे गळती असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती त्याच्या पुढे आणि वर असते.

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे ही मांडणी पोर्श बॉक्स्टर, टोयोटा एमआर-टू, लोटस एलिस अशा गाड्यांत आहे. तिथे कूलंट गाडीच्या पोटाखालून लांब पाइपांतून जातं आणि परत येतं. पुढे इंजिन असलेल्या गाडीत सगळं बॉनेटखाली हातभर अंतरात असतं. इथे पाइप लांब, जोड जास्त आणि निम्मे जोड कव्हरमागे लपलेले.

आता 'केव्हा'. गळतीच्या दृष्टीनं गाडी चार अवस्थांतून जाते.

पहिली, रात्रभर उभी राहून पूर्ण गार. रबर आणि धातू दोन्ही आकसलेले. क्लॅम्पची (रबरी होज पाइपावर आवळून धरणाऱ्या पट्टीची) पकड या वेळी सगळ्यात सैल. जोड फक्त गार असतानाच पाझरतो आणि इंजिन तापलं की फुगून आपलं आपण बंद होतो, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

दुसरी, गरम होऊन चालू असताना. बंदिस्त सिस्टममध्ये झाकणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत दाब चढू शकतो. साधारण 1 बार धरा, काही गाड्यांत त्याहून जास्त. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. उघड्यावर 100 अंशांना उकळणारं पाणी 1 बार जादा दाबाखाली 120 अंशांना उकळतं, आणि कूलंटच्या मिश्रणात ती मर्यादा आणखी काही अंश वर जाते.

तिसरी, जास्त फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर दाबून पळवताना. वॉटर पंपाचा स्वतःचा दाब वाढतो, त्यामुळे पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूच्या जोडांवर ताण येतो. त्यात इंजिन माउंटवर हलतं, होज ओढला जातो. शांतपणे चालवल्यावर महिनाभर पातळी हलत नाही आणि ट्रॅकवर एक दिवस घालवला की पाव लिटर गायब, असं असेल तर गळती इथली आहे. किंवा हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलची), त्याबद्दल पुढे लिहितो.

चौथी अवस्था सगळ्यात दुर्लक्षित आहे. जोरात चालवून गाडी बंद केल्यानंतरची पहिली 10-15 मिनिटं. पंप थांबतो, पण हेडमधली उष्णता थांबत नाही. उभ्या पाण्याचं तापमान आणि दाब बंद केल्यानंतरही चढतो. टर्बो असेल तर आणखी. गाडी पार्क करून तुम्ही निघून जाता आणि नेमकी तेव्हाच ती घाम फोडते. परत येईपर्यंत सगळं वाळलेलं. पुढच्या वेळी गाडी लावल्यावर 10 मिनिटं तिथेच थांबा, इंजिनाचं कव्हर उघडा आणि नाकानं काम करा. कूलंटला गोडसर, जरा कोंदट वास असतो. एकदा ओळखला की विसरत नाही. (याच वेळी टाकीचं झाकण मात्र उघडायचं नाही. दाबाखालचं पाणी झाकण सैल होताच उकळून वर येतं आणि तोंड-हात भाजतात. टाकी हाताला गार लागल्याशिवाय झाकणाला हात नाही.)

चारपैकी कोणती अवस्था ते ठरवायला महागडं हत्यार लागत नाही. टाकीवर कागदी चिकटपट्टी लावा. गाडी रात्रभर गार झाल्यावर, रोज त्याच जागी, त्याच उतारावर उभी असताना पातळीची रेघ मारा आणि शेजारी तारीख, किलोमीटर लिहा. गारच का, तर 20 अंशांपासून 90 अंशांपर्यंत कूलंट साधारण 4 टक्के फुगतं. सिस्टममध्ये 10 लिटर असेल तर सुमारे 400 मिलीचा फरक नुसत्या तापमानानं पडतो. तुमची महिन्याची गळती त्याहून कमी आहे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहून 'उतरली', 'चढली' म्हणण्यात काही अर्थ नाही. एक आठवडा नुसतं शहरात चालवा, दुसऱ्या आठवड्यात लांबवर जोरात, तिसऱ्यात चार दिवस हलवूच नका. पट्टीवरच्या रेघाच सांगतील.

तुमच्या बाबतीत एक शंका आधीच दूर करायला हवी. झाकण बदललं, टाकी बदलली, म्हणजे सिस्टम उघडली. उघडलेल्या सिस्टममध्ये हवा अडकते. ती पुढच्या काही गरम-गार फेऱ्यांत हळूहळू टाकीत येते आणि तिच्या जागी कूलंट जातं. पातळी उतरते, पण बाहेर एक थेंबही गेलेला नसतो. लांब पाइपांच्या गाडीत असं 200-300 मिली सहज उतरू शकतं. म्हणून टाकी बदलल्यानंतरचं पहिल्या पंधरवड्यातलं मोजमाप बाजूला ठेवा. त्यानंतरही उतरत असेल तर गळती खरी.

आजवर वर भरताना काय टाकलंत तेही आठवून पाहा. नुसतं पाणी टाकत आला असाल तर रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवून मिश्रणाचं प्रमाण बघा. 50-50 असायला हवं ते 35 टक्क्यांवर आलं असेल, तर बरंच कूलंट बाहेर गेलंय आणि गळती तुम्हाला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. पातळ मिश्रणात गंजरोधक द्रव्यंही पातळ होतात, मग ॲल्युमिनियम आतून खराब व्हायला लागतं. म्हणजे गळतीतून पुढची गळती तयार होते.

पाहणीला सुरुवात करताना पहिली सूचना: इंजिन धुऊ नका. पार्ट बदलायच्या आधी इंजिन चकचकीत करून देणाऱ्या माणसानं पुरावा पुसलेला असतो. कूलंट बाहेर पडून वाळतं तेव्हा पाणी उडून जातं आणि मागे रंगीत, कुरकुरीत पापुद्रा उरतो. गुलाबी, हिरवट, पांढरट, जसं कूलंट असेल तसा. ट्रे काढा आणि आधी ट्रेच आतून नीट बघा, फेल्ट दाबून बघा. बोटांना लागलेली ओल चोळून पाहा. एसीचं पाणी नुसतं ओलं लागतं, कूलंट बोटांत निसरडं आणि वाळताना चिकट होतं. चाखून बघायचं नाही, इथिलीन ग्लायकॉल विष आहे आणि त्याची चव गोड असल्यामुळे जनावरं चाटतात. जमिनीवर सांडलेलं लगेच पुसा, उघड्या भांड्यात ठेवू नका.

पापुद्रा दिसला की त्याचा ओघळ वर वर शोधत जा. जिथे तो सगळ्यात उंच आहे तिथे थांबा. फोटो काढा, मग तेवढी जागा कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा. पुढच्या वेळी तिथे काही दिसलं तर ते ताजं आहे हे नक्की.

आता प्रेशर टेस्ट. हातपंप, त्यावर गेज आणि तुमच्या टाकीच्या आट्यांना बसणारा अडॅप्टर. टाकीच्या झाकणाच्या जागी अडॅप्टर बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत दाब द्यायचा, त्याच्या वर नाही. दिसायला साधी चाचणी आहे, पण ती बहुतेक ठिकाणी निष्फळ होते, कारण गरम इंजिनावर आणि पाच मिनिटांत उरकली जाते. तुमच्याकडेही 'प्रेशर टेस्ट केली, ठीक आहे' असं सांगितलं गेलं असेल तर ती गार इंजिनावर केली होती का आणि किती वेळ ठेवली होती, हे विचारा.

मी ती अशी करतो. गाडी आदल्या दिवशीपासून हललेली नसावी. दाब दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत काटा थोडा खाली येतो, होज ताणले जातात म्हणून. पुन्हा भरायचा आणि मग वेळ मोजायचा. गरम इंजिनावर काटा आपोआप पडतो, कारण पाणी गार होऊन आकसतं. त्याला गळती समजून लोक हेड उघडतात. उलट, सकाळच्या गारव्यात दाब भरून गाडी दुपारपर्यंत तापत ठेवली तर खरी गळतीही काट्यावर झाकली जाते. जागा बंद हवी, तापमान स्थिर हवं. अडॅप्टरचा स्वतःचा रबरी वॉशर गळत नाही ना हे साबणाचा फेस लावून आधी पाहावं.

आणि मग रात्रभर सोडावं. एका गाडीची गोष्ट सांगतो, तुमच्यासारखीच मांडणी, तुमच्यासारखीच तक्रार. दोनदा टेस्ट पास होऊन आली होती. संध्याकाळी मी हाताला लागेल तो प्रत्येक जोड कोरडा पुसला, जोडाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या टिश्यू पेपरची घट्ट गुंडाळी केली, वर दोऱ्याचा एक फेर. असे 14 जोड झाले. 1.1 बार दाब देऊन दिवे बंद केले. सकाळी काटा 0.9 वर होता. 13 कागद कोरडे. चौदावा ड्रायव्हरच्या सीटमागे, जिथे पोटाखालून येणारा ॲल्युमिनियमचा पाइप इंजिनाकडच्या रबरी होजला मिळतो, त्या जोडाचा. त्या कागदावर नखाएवढा गुलाबी डाग होता, कडा गडद, मध्ये फिका. बस, एवढीच गळती. इंजिन चालू केलं, पाण्याला गरमी आली, नवा कागद गुंडाळला. तासाभरानंतरही तो कागद कोरडाच.

क्लॅम्प काढून होज मागे सरकवला तर पाइपाच्या तोंडावर मिठासारखी पांढरी भुकटी आणि खाली बारीक खड्डे पडलेले. आधी कुणीतरी कंपनीचा स्प्रिंग क्लॅम्प काढून तिथे स्क्रूचा क्लॅम्प बसवला होता आणि गळायला लागल्यावर वेळोवेळी आवळत गेला होता. रबराला पट्टीच्या कडेनं चीर पडली होती.

या जोडांच्या दुरुस्तीबद्दल जरा तपशिलात लिहितो, कारण मंद गळतीच्या बहुतेक गाड्या अखेर इथेच येऊन थांबतात. पाइपाचं तोंड बारीक ॲब्रेसिव्ह पॅडनं स्वच्छ करायचं आणि पॅड गोल फिरवायचं, पाइपाच्या लांबीच्या दिशेनं नाही. लांबीच्या दिशेनं पडलेला एक ओरखडा म्हणजे पाण्याला बाहेर यायला केलेली वाट. खड्डे उथळ असतील तर एवढ्यावर भागतं. नख अडकेल इतके खोल असतील तर पाइप बदलावा. होज टोकाशी कडक झाला असेल, चीर असेल, तर पुरेशी लांबी उरत असल्यासच टोक कापावं, नाहीतर नवा घ्यावा. तो चढत नाही म्हणून आतून ऑइल किंवा साधं ग्रीस लावतात, ते अजिबात नको. कूलंटचे होज आणि ओ-रिंगा बहुधा ईपीडीएम रबराच्या असतात आणि हे रबर खनिज तेलानं फुगून मऊ पडतं. कूलंटचाच थेंब लावा, किंवा सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात.

क्लॅम्प पाइपावरच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही. आणि स्प्रिंग क्लॅम्प जुनाट वाटला म्हणून फेकू नका. रबर फुगलं तर तो फुगतो, आकसलं तर मागोमाग आकसतो, पकड तीच राहते. स्क्रूचा क्लॅम्प ज्या तापमानाला आवळला त्या मापावर थांबतो, मग गार रात्री सैल पडतो आणि गरम दिवसा रबरात रुततो. रंगीत सिलिकॉनचे होज बसवलेत का? ते दिसतात छान, उष्णताही सोसतात, पण सिलिकॉन मऊ असतं. छिद्रांच्या पट्टीचा साधा स्क्रू क्लॅम्प त्यात घुसतो आणि गार असताना तिथून पाझर सुरू होतो. त्यांना आतून गुळगुळीत पट्टीचे किंवा स्प्रिंगचा ताण धरून ठेवणारे क्लॅम्पच हवेत. सिलिकॉनच्या भिंतीतून थोडी वाफही कायम बाहेर झिरपत असते. पातळी अगदी किंचित उतरते आणि गळती कुठेच सापडत नाही, अशा वेळी हे लक्षात असू द्या.

प्लॅस्टिकचे क्विक कनेक्टर असतील तर तारेची क्लिप पूर्ण बसली आहे का बघा आणि ओ-रिंग नवी टाका. जुनी ओ-रिंग गोल राहत नाही, चपटी होते. ती बोटांत धरून पाहिली की कळतं.

झाकण आणि टाकी तुम्ही बदललीच आहे, त्यामुळे थोडक्यात. नवं झाकणही टेस्टरवर लावून पाहा. ते लिहिलेल्या दाबाच्या आसपास उघडलं पाहिजे आणि गार होताना हवा आत घेणारी त्याची झडपही चालली पाहिजे. लवकर उघडणारं झाकण वाफ बाहेर सोडत राहतं आणि माणूस गळती शोधत बसतो.

पुढचा रेडिएटर. बंपर किंवा चाकापुढचं कव्हर काढल्याशिवाय तो नीट दिसत नाही, म्हणून पाहिला जात नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत पाला-माती साठते, ओली राहते आणि तिथला ॲल्युमिनियम खाल्ला जातो. आजच्या बहुतेक रेडिएटरला दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, मधल्या जाळीवर त्या ॲल्युमिनियमच्या दातांनी दाबून बसवलेल्या, मध्ये रबरी सील. ते सील म्हातारं झालं की दातांच्या रांगेत पापुद्रा दिसायला लागतो. दात पुन्हा दाबून बसवतात, वरून इपॉक्सी लावतात, पण ते टिकताना मी पाहिलेलं नाही. तिथे नवा रेडिएटर हाच उपाय. काळं प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी पडलं असेल तर ते ठिसूळ झालंय, आत्ता गळत नसलं तरी बदलण्याच्या यादीत टाका.

आता वॉटर पंप, ज्याच्यासाठी इंजिन खाली घ्यायचं चाललंय. पंपाच्या शाफ्टवर सील असतं आणि त्याच्यामागे एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील गळालं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं, म्हणून. भोकाभोवती पुसट वाळका डाग असला म्हणजे पंप गेला असं नाही. ताजा ओला ओघळ असेल, पुलीला हातानं हलवल्यावर खेळ लागत असेल, तर गेला. आरसा किंवा बोअरस्कोप (बारीक नळीच्या टोकावरचा कॅमेरा) घालून इंजिन न उतरवता ते भोक दिसतं का पाहा, बहुतेक गाड्यांत दिसतं. मात्र पंपाच्या वर काय आहे तेही तितकंच बारकाईनं पाहा. मी सुरुवातीच्या वर्षांत एकदा ओला पंप पाहून पंप बदलला होता. पाणी येत होतं थर्मोस्टॅटच्या घराच्या गॅस्केटमधून, चार बोटं वरून, आणि पंपाच्या अंगावरून निथळत होतं. मालकाला दोनदा यावं लागलं. तेव्हापासून ओल्या पार्टकडे बघण्याआधी मी त्याच्या डोक्यावर बघतो.

टर्बो असेल तर त्याच्या पाण्याच्या नळ्या बँजो बोल्टनं (आतून पाणी जाणाऱ्या पोकळ बोल्टनं) बसलेल्या असतात, दोन्ही बाजूंना चेपून बसणारे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर. हे वॉशर एकदाच वापरायचे असतात. कुणी टर्बोला हात लावला असेल आणि जुनेच परत घातले असतील, तर वर सांगितलेल्या चौथ्या अवस्थेत तिथून वाफ येते.

बाहेर सगळं कोरडं आणि तरी प्रेशर टेस्टचा काटा पडतोय? मग पाणी केबिनमध्ये किंवा इंजिनाच्या आत जातंय. केबिनची खूण म्हणजे हीटर लावल्यावर गोड वास, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं जे पुसलं तरी चिकट पट्टा ठेवतं, आणि पायाखालच्या कार्पेटखाली ओल. वरचं कार्पेट कोरडं असतं, हात खालपर्यंत घाला. खात्रीसाठी हीटरकडे जाणारा आणि येणारा होज तात्पुरते एका तुकड्यानं एकमेकांना जोडून हीटर पाण्याच्या वाटेतून वगळा आणि पुन्हा आठवडाभर रेघा मारा. पातळी थांबली तर गळती हीटर कोअरची (हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरची), आणि डॅशबोर्ड खोलण्याआधी तुमच्याकडे पुरावा.

हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाच्या आतल्या गळतीची भीती सगळ्यांना असते, त्यामुळे ती खोलात न जाता मान्यही केली जाते. तपासाशिवाय हेड उघडू नका. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांतच वरचा होज टणक होतो का? पाणी तापायच्या आत दाब चढला तर तो सिलिंडरमधला वायू आहे. टाकीच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर लावा. त्यातलं निळं द्रावण कार्बन डायऑक्साइडनं पेट्रोल इंजिनावर पिवळं पडतं. टाकीतलं कूलंट द्रावणात ओढलं जाऊ देऊ नका, निकाल बिघडतो. मंद गळतीत हे द्रावण कधीकधी निळंच राहतं, म्हणून इंजिन चांगलं तापवून, जोरात चालवून आणल्यानंतर एकदा पुन्हा करा. रात्रभर दाब ठेवलाच असेल तर सकाळी प्लग काढून बोअरस्कोपनं पिस्टनचे माथे बघा. एकच पिस्टन धुतल्यासारखा स्वच्छ आणि बाकीचे काजळीचे, किंवा माथ्यावर चमकणारा थेंब, हे पुरेसं बोलकं आहे. त्या सिलिंडरला लीक-डाउनची हवा (प्लगच्या भोकातून दाबानं सोडलेली हवा) दिली की टाकीत बुडबुडे येतात. ऑइल दिसायला स्वच्छ असलं तरी नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. सोडियम-पोटॅशियम वाढलेलं असेल तर कूलंट ऑइलमध्ये जातंय, आणि मग हेडच्या आधी ऑइल कूलरचा संशय घ्या, जिथे ऑइल आणि पाणी एकाच डब्यात शेजारी शेजारी वाहतं.

चमकणारी डाय मी शेवटी वापरतो, कारण ती टाकल्यावर काही दिवस गाडी चालवावी लागते. कूलंटसाठी बनवलेलीच घ्या, अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा. त्याआधी तुमचं स्वतःचं कूलंट बाटलीत धरून टॉर्चखाली बघा, काही कूलंट मुळातच चमकतात.

गळतीबंद औषधाबद्दल. ते अरुंद जागा शोधून तिथे गोठतं किंवा साचतं. तुमच्या सिस्टममध्ये गळतीच्या भोकाएवढ्याच अरुंद जागा आणखी आहेत: हीटर कोअरच्या नळ्या, रेडिएटरच्या चपट्या नळ्या, टर्बोच्या वाटा, हवा काढायचे बारीक होज. ते कुठे बसेल हे सांगता येत नाही. आणि खड्डे पडलेल्या पाइपावरचा सैल क्लॅम्प त्यानं घट्ट होत नाही. ज्या इंजिनातून जोरात चालवताना उष्णता काढायची आहे, त्यात मी ते कधीच टाकणार नाही.

दुरुस्ती झाली की भरणं. लांब पाइपांच्या गाडीत नुसतं वरून ओतून हवा निघत नाही. व्हॅक्यूमनं भरा. आधी सिस्टममधली हवा ओढून काढतात, मग त्याच ओढीनं कूलंट आत जातं. व्हॅक्यूम 15 मिनिटं टिकला ही चांगली खूण, पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. आतून ओढल्यावर होज पाइपाला चिकटतो आणि बाहेर ढकलल्यावर उघडणारी फट झाकली जाते. प्रेशर टेस्ट पुन्हा करायचीच, गार, रात्रभर. कूलंट रंगावरून निवडू नका, रंगाला कोणताही सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तकात जे मानक लिहिलंय तेच घ्या, आणि मिसळायला डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी.

तेव्हा तुमचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात चिकटपट्टी आणि रेघा. मग ट्रे काढून पापुद्रा शोधणं. मग गार प्रेशर टेस्ट, कागद गुंडाळून, रात्रभर. पंपाचं भोक बोअरस्कोपनं त्याच वेळी. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय सीटमागच्या पाइपांच्या जोडांवर आणि पुढच्या रेडिएटरच्या दातांवर आहे, पंपावर नाही. पण माझ्या संशयावरही पार्ट बदलू नका, कागदावर डाग आला तरच बदला. दुरुस्तीनंतर तीन-चार गरम-गार फेऱ्यांत पातळी थोडी उतरेल, ती भरा आणि जुनी पट्टी काढून नवी लावा. पहिली रेघ त्या दिवशीची, आणि महिन्यानं तिच्याशी ताडून बघा.